पाहुण्याच्या खिशातले दिरहम

आमच्या कोकणातल्या मुसलमान घरांना दिरहम नवा नाही. कुणाच्या घराचा स्लॅब दिरहमवर पडला, कुणाच्या बहिणीचे लग्न दिरहमवर झाले. पण हा दिरहम नेहमी तिकडून इकडे आला. इकडून दिरहम विकत घेऊन तिकडे खर्च करायला जाणारे आमच्या घरात आम्हीच पहिले. आम्ही दोघेही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. भिशी लागली, दिवाळीची सुट्टी आली आणि आपाच्या आग्रहावरून मुलांना घेऊन आठ दिवस दुबईला जायचे ठरले.

निघण्यापूर्वी दुल्हेभाईंचा फोन आला. "पैसे बदलून आणू नका. इथं मी आहे ना!" ही त्यांची मेहमाननवाजी. पण दुल्हेभाई रोज बारा तास दुकानात उभे राहतात. त्या पगारातून त्यांच्या मुलांची फी जाते, गावी त्यांच्या अम्मींची औषधे येतात. त्यात आमच्या सैरसपाट्याचा भार घालणे मनाला पटेना. राहायचे त्यांच्या घरी, पण खर्च आपला, असे आम्ही ठरवले. मग हिशेब मांडणे आलेच.

आमच्या आजोबांना हा हिशेब करावा लागला नसता. तेव्हा दुबईत आपला रुपयाच चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि दुबईने रुपया सोडला. दिरहम आला १९७३ मध्ये. १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहम हा भाव बांधलेला आहे. म्हणून डॉलर महागला की आपल्यासाठी दिरहमही तितकाच महागतो.

हा भाव आपल्या हातात नाही. हातात असते ते एवढेच, की पैसा किती वेळा बदलायचा. परवानाधारक दुकानात खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन भाव असतात. समजा, दिरहम २४ रुपयांना देतात आणि २३ ला परत घेतात. हजार दिरहम नुसते नेऊन परत आणले, तरी हजार रुपये गेले. रुपयाचे डॉलर आणि डॉलरचे दिरहम केले, तर दोनदा कात्री लागते. मुंबईत दिरहम थेट मिळतात. आम्ही दोन-तीन ठिकाणी भाव विचारला आणि विमानतळाच्या खिडकीवर विसंबलो नाही. करही पाहिला. लाखापर्यंतच्या खरेदीत एक टक्का रकमेवर, पण किमान २५० रुपयांवर, १८ टक्के जीएसटी लागतो. दहा हजारांची खरेदी तीनदा केली तर १३५ रुपये, तीस हजारांची एकदम केली तर ५४.

कार्डाचे गणित वेगळे. अनेक बँकांच्या साध्या कार्डावर परदेशी खर्चाला साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार आणि त्यावर जीएसटी लागतो. म्हणजे हजार रुपयांमागे ४१ रुपये ३० पैसे. म्हणून आम्ही आधीच दिरहम भरलेले प्रवासी कार्ड घेतले आणि थोडी रोकड ठेवली. दुकानातले यंत्र कधी कधी विचारते, "रुपयांत द्यायचे की दिरहममध्ये?" रुपया दिसला की आपुलकी वाटते. पण तो भाव दुकानाच्या बाजूने ठरतो आणि बहुधा महाग पडतो. तिथे दिरहमच निवडावा.

रोकड लागली ती लहानसहान गोष्टींना. देऱ्याहून बर दुबईला खाडी ओलांडणाऱ्या अब्रा होडीचे भाडे माणशी एक दिरहम. मुलांना सगळ्या दुबईत तीच सैर जास्त आवडली. शेवटच्या दोन दिवसांत आम्ही आधी नाणी संपवली, कारण इकडे ती बदलून मिळत नाहीत.

एका रात्री आम्ही सगळ्यांना जेवायला नेले. बिल आले तसा दुल्हेभाईंनी खिशात हात घातला. आपा हळूच म्हणाली, "राहू द्या, त्यांनाही देऊ द्या." दुल्हेभाई थोडे नाराज झाले, मग हसले. "इतक्या वर्षांत गावाकडच्या माणसानं मला जेवू घातलं, हे पहिल्यांदाच," ते म्हणाले. त्यावर आम्हाला काही बोलता आले नाही. आपण त्यांच्याकडून घेत आलो आणि त्यांनाही कुणीतरी द्यावे, हे आपल्या ध्यानातच आले नव्हते.

आता सातवीच्या वर्गात आम्ही फीसदची उदाहरणे दिरहमची देतो. कितीतरी मुलांचे अब्बा नाहीतर मामू आखातात आहेत. हजार दिरहम पाठवताना भावात आणि फीमध्ये किती जाते, हे मुले वहीत काढतात. उत्तर आले की वर्ग जरा गप्प होतो. तो आकडा म्हणजे घरच्या माणसाची किती तासांची मेहनत, हे त्यांना सांगावे लागत नाही.