चाळकेवाडीचा निळा पंखा

लाडके,

तुझं पत्र मिळालं. सिंगापूरच्या बागेत कालव्याकाठी पाणघोरपड आडवी आली आणि तू थेट बाकावर चढलीस, हे वाचून मी आणि आई पोट धरून हसलो. खोड गेली नाही म्हणायची! वर्गात पाल दिसली की बाई यायच्या आत तू बाकावर, मी खाली. तुला सांगते, ती घोरपड तुझ्या वाटेला जायची नाही. मासे, खेकडे, मेलेलंबिलेलं खाऊन ती आपल्या उद्योगात असते. आपल्या माळावरच्या घोरपडीची ती थोरली चुलत बहीण. आपली कोरड्या रानात रमते, ती पाण्यात.

इकडे औंधात उन्हाने जीव नकोसा केलाय. वळीव एकदाच शिंपडून गेला. सुट्टी असल्यामुळे संग्रहालय बघायला गाड्याच गाड्या येतायत, आणि यमाईच्या देवळाच्या पायऱ्या चढताना पाहुण्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

परवा शेजारच्या काकूंच्या न्हाणीघरात साप निघाला. काकू केरसुणी घेऊन दारात उभ्या, काका माजघरातल्या पलंगावर. (तुझीच आठवण आली!) ‘मण्यार, मण्यार’ असा सगळीकडे ओरडा. सर्पमित्र पोरगा आला, लांबूनच निरखून म्हणाला, “काकू, कवड्या आहे, बिनविषारी.” मग त्याने खूण सांगितली. कवड्याचे पांढरट पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचं उलटं, तिचे पट्टे शेपटीकडे ठसठशीत. पण हे ओळखण्याचं काम त्याचं, आपण लांब उभं राहून फोन करायचा. मण्यार रात्रीची फिरते आणि झोपलेल्या माणसाला चावली तर पुष्कळदा दुखतसुद्धा नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे कोणता साप चावला यावर घरी वाद घालत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. काकांनी हे सगळं पलंगावरूनच ऐकलं.

आता खरी बातमी. मी चाळकेवाडीला जाऊन आले! साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे, पवनचक्क्यांचं ते पठार. तिथे सरडा बघायला गेले होते. हसू नकोस. शेपटीसकट वीतभर, अंगाने मातकट, दगडावर बसला तर दिसतही नाही. मग समोर दुसरा नर आला आणि ह्याने गळ्याखालचा पंखा फटकन उघडला. पुढे झगझगीत निळा, मध्ये काळा, मागे नारिंगी. रविवर्म्याच्या चित्रातल्या शालूलाही असा निळा नसेल गं! मिटला, परत उघडला, मान वर, छाती पुढे. मादी बाजूला शांतपणे मुंगळे टिपत होती, तिला पंखा नाहीच. मी दगडामागे बसून त्याच्या मागच्या पायाची बोटं मोजली. चारच. आपल्या कुंपणावरच्या सरड्याला पाच असतात. कितीही मातकट दिसला, तरी एवढ्यावरून हा ओळखता येतो.

2016 मध्ये शास्त्रज्ञांनी हे सरडे नीट पारखून ह्या गटाला ‘सरडा’ असंच शास्त्रीय नाव दिलं, आणि चाळकेवाडीच्या ह्या देखण्याला ‘सरडा सुपर्बा’.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर यांनी अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांच्यासह ह्याच पठारावर अभ्यास केला, तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या नाहीत तिथे शिकारी पक्षी जवळजवळ चौपट. पाती फिरतात तिथे ते फारसे फिरकत नाहीत. मग सरड्यांचं फावलं, संख्या वाढली. माणूस अगदी जवळ गेला तरी पळेनात, रक्तातला ताणाचा स्रावही उतरला. पण एवढ्या जागेत तोंडं वाढली म्हणजे खायला कमी. अंगाने ते रोडावलेले, आणि नरांच्या पंख्यांचा रंग फिकट. बघ ना, वर घार नाही म्हणून खाली निळा उतरतो.

मला वीज नको असं नाही. तुझ्याशी बोलायला फोन त्याच विजेवर चार्ज होतो. पण प्रत्येक उघडं पठार ‘पडीक’ म्हणून कागदावर चढतं, त्याचं फार वाईट वाटतं. पडीक कसलं? आपण माळावर शेळ्यांमागे हुंदडायचो तेव्हा पायाखाली केवढा संसार होता! काही पठारं पात्यांवाचून मोकळी राहिलीच पाहिजेत, हे मी आता येईल त्याला सांगत असते. आई म्हणते, भाजीवालीला तरी सोड.

तेव्हा यंदा दिवाळीचं तिकीट काढू नकोस. पुढच्या मे महिन्यात ये. पाऊस लागला की पंख्यांचा हंगाम सरतो, नुसतं धुकं बघून परत जाशील. पहाटे औंधातून निघू, ऊन चढेपर्यंत पठारावर पोचू. गाडी रस्त्यावरच ठेवायची आणि दगड उलटायचे नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवते. अंडी मातीत असतात. आणि तिथे बाक नाहीत, तेव्हा चढायला काही मिळणार नाही, ह्या तयारीने ये.

तुझीच