थंडाव्याची शिदोरी

आमच्या बालाघाटात ‘कूलर’ म्हटले, की डोळ्यांपुढे येतो तो खिडकीत घरघरणारा, वाळ्याच्या ताट्यांचा पत्र्याचा पेटारा. सहलीला न्यायचा कूलर मागितला, तर दुकानदार आधी हिंदीत हसतो आणि मग मराठीत विचारतो, “म्हणजे बर्फाची पेटी का, भाऊ?” दोन भाषांच्या शेजारात राहण्याचा हा फायदा! एकीत अडले, की दुसरी धावून येते.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. गांगुलपाऱ्याला किंवा वैनगंगेच्या काठी वनभोजनाला निघाले, की सायकलला जाड कापडाची छागळ लटकवायची. कापडातून पाझरलेले पाणी वाऱ्यावर उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. मे महिन्याच्या कोरड्या झळांत हे पाणी घशाला अमृत वाटे. श्रावणात मात्र हवाच ओली. तेव्हा छागळ नुसतीच गळते.

पेटीची गरज पडली ती बाबांसाठी. इन्सुलिन सुरू झाले आणि त्यांनी सहलींना येणेच सोडले. “तुम्ही जा, मी घर राखतो,” हे त्यांचे वाक्य आम्हांला डबा उघडताना आठवे. न उघडलेल्या कुपीला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागते. वापरातली कुपी बहुधा महिनाभर बाहेर चालते. पण ३० अंशांच्या आत, आणि आमचा उन्हाळा तर चाळिशी ओलांडतो! बरे, बर्फाला टेकून कुपी गोठली, तरी औषध वायाच.

मार्ग दाखवला तो बैहरकडच्या गावांत लसीकरणाला जाणाऱ्या एका नर्सबाईंनी. त्यांच्या खांद्यावरच्या पेटीत चार आइसपॅक असतात. फ्रीझरमधून काढल्याबरोबर ते पेटीत घालायचे नाहीत. त्यांना घाम फुटू द्यायचा, कानाशी हलवून आत पाणी डुचमळले, की मगच घालायचे. तोवर बर्फ शून्याच्याही खाली असतो आणि लस गोठवतो. “कुपी फडक्यात गुंडाळा, पॅकला टेकू देऊ नका,” त्या म्हणाल्या.

मग दुकानात आम्ही रंग पाहिला नाही, भिंत पाहिली. दोन प्लास्टिकांच्या मध्ये नुसती पोकळी आहे की फोम भरला आहे? झाकणाला रबर आहे का, ते सगळीकडून घट्ट बसते का? पेटी गरजेपुरतीच घ्यावी; रिकाम्या जागेतली हवा बर्फ खाते. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. मात्र चुऱ्यापेक्षा मोठी लादी जास्त वेळ टिकते. आत घालायच्या वस्तू घरूनच गार करून न्याव्यात आणि पेटी सावलीत ठेवावी.

सर्वांत मोठा शहाणपणा म्हणजे सरबताची पेटी वेगळी. मुले दर दहा मिनिटांनी झाकण उघडतात. औषधाच्या पेटीला तो जाच नको. म्हणून आम्ही छोटी पेटी औषधाला घेतली आणि पिण्याच्या पाण्याला जुनी छागळच ठेवली.

परवा बाबांनीच विचारले, “लांजीचा किल्ला कधी दाखवता?”