मांडवीच्या काठी गळ टाकताना

गोव्याबाहेर पिढ्यानुपिढ्या स्थायिक झालेली कितीतरी मराठी कुटुंबे कुलदैवताच्या ओढीने गोव्यात येतात. मंगेशाचे दर्शन घडले, शांतादुर्गेची ओटी भरली आणि एक संध्याकाळ समुद्रकिनाऱ्यावर घालविली की त्यांची यात्रा पुरी होते. ज्या नद्यांवरील पूल मोटारीतून क्षणार्धात ओलांडले जातात, त्या नद्या मात्र पाहावयाच्या राहूनच जातात. वास्तविक गोव्याचे अंतरंग उमगते ते नदीकाठी. आणि नदीकाठी दोन-चार तास स्वस्थ बसावयास गळ टाकण्याइतके सबळ निमित्त दुसरे नाही. आम्ही काही शिक्षकमंडळी गेली अनेक वर्षे सवडीच्या रविवारी दिवाडी बेटाच्या काठाने हा उद्योग करीत आलो आहोत.

मांडवीचा उगम बेळगाव जिल्ह्यातील भीमगडच्या रानात. तिकडे, आणि गोव्याच्या सत्तरी भागातही, तिला म्हादई म्हणतात. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली की थोड्याच मिनिटांत आपण दिवाडीस उतरतो. बेटाच्या उत्तरेस नदीपलीकडे नार्वे. सप्तकोटेश्वराचे मूळ देवालय दिवाडीवरच होते. पोर्तुगीज अमदानीत ते उद्ध्वस्त झाल्यावर देव नदीपार गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी पलीकडच्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. नार्वेच्या धक्क्यावर गळ टाकून बसले असता हा सारा इतिहास आपल्या पाठीशी उभा आहे, याचे भान सुटत नाही.

दिवाडीजवळची मांडवी म्हणावयास नदी, परंतु स्वभावाने खाडी आहे. समुद्राची भरती तिच्यात शिरते ती पार गांजेच्या बाजूपर्यंत पोहोचते. पावसाळ्यात डोंगरातून उतरणारे लोंढे हेच पाणी गढूळ आणि जवळजवळ गोडे करून टाकतात. चैत्र-वैशाखात ते पुन्हा खारे होते. म्हणून गळ टाकणाऱ्याने प्रथम शिकावयाचे ते भरतीचे गणित. आमच्याकडील जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे : तिथीला पाऊणने गुणावे, येईल त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. तेथून सुमारे सहा तासांनी ओहोटी पुरी होते. हा अदमास जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, आणि नदीमुखापासून आत जावे तशी भरती उशिरा पोहोचते. नेमकी वेळ हवी असेल तर छापील कोष्टक पाहावेच. परंतु पाऊणकीचा पाढा कशासाठी पाठ करावयाचा, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही हेच उदाहरण देतो, आणि तो पाढा मग त्याच्या चांगला लक्षात राहतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सुमारे सव्वादोन मीटर चढते-उतरते व ओढही फार असते. अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या दिवसांत, ते मंद असते. मासा चरतो तो बहुधा पाणी वळताना : ओहोटीचा शेवटचा आणि भरतीचा पहिला तास. भर ओढीत शिसे तळाशी ठरत नाही आणि पाणी पूर्ण थांबले की मासाही थांबतो. नवशिक्याने भांगाचा दिवस धरावा; दोर सांभाळणे सोपे जाते.

या काठाचे खरे वैभव म्हणजे खाजन जमिनी. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी गावकऱ्यांनी माती, पेंढा व जांभा दगड यांचे बांध घालून खाडीच्या पाण्यातून ही शेते मिळविली. बांधात जागोजाग मानस असते. मानस म्हणजे लाकडी झडपांचा दरवाजा. भरती आली की तिच्याच दाबाने झडपा मिटतात, ओहोटीस आतले पाणी बाहेर पडताना त्या आपोआप उघडतात. पावसाने जमिनीतील खार धुऊन गेला की तेथे कोरगूट भात पिकते, आणि कापणीनंतर आत घेतलेल्या खाऱ्या पाण्यात सुंगटे व मासळी वाढते. मानशीतून पाणी सुटते तेव्हा त्याबरोबर लहान मासळी बाहेर येते, आणि तिच्यासाठी चोणक, तांबोशी असे मोठे मासे बाहेर टपलेले असतात. मानशीतील मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो. तेव्हा हौशी माणसाने तेथील राखणदारास विचारून, त्याच्या जाळ्यापासून दूर उभे राहावे. आम्हांस आजवर कोणी नकार दिलेला नाही. फार तर 'दहा हात पलीकडे व्हा, मास्तर' एवढेच ऐकावे लागते.

साहित्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. सात-आठ फुटांची फायबरची काठी आणि मध्यम आकाराचे रीळ असले की पुरे. वेळूच्या काठीवरही काळुंदर उत्तम लागते. तंगूस ०.३५ ते ०.४० मिलिमीटर जाडीचा घ्यावा. चोणकासाठी मात्र गळाजवळ हातभर तुकडा ०.६० ते ०.८० मिलिमीटरचा जोडावा, कारण चोणकाच्या कल्ल्यावरील झाकणाची कड पात्यासारखी असते व ती पातळ तंगूस सहज कापते. आमिष म्हणून जिवंत सुंगटासारखे दुसरे काही नाही. काळुंदरास कणकेची गोळीही चालते. शेवटा शेवाळ आणि गाळातील बारीक अन्न खाणारा मासा, तो गळास सहसा लागत नाही. त्याच्यामागे वेळ दवडू नये. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. मासा सोडविणे सोपे जाते, आणि आपल्या बोटात रुतला तर आपणही सुटतो.

काही गोष्टी मात्र जिवाशी गाठ घालणाऱ्या आहेत. मानशीचे दगड शेवाळाने निसरडे आणि कालवांनी धारदार झालेले असतात. जाड रबरी तळव्याचे जोडे हवेत. उधाणाच्या ओढीत, मानशीच्या तोंडाशी पाण्यात उतरू नये. पट्टीचे पोहणारेही तेथे टिकत नाहीत. शेंगाळ्याच्या पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन असे तीन विषारी काटे असतात. टोचल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवावा व डॉक्टर गाठावा. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तेथे काठावर बसकण मारू नये. आणि वैशाखात किंवा आश्विनात ढग गडगडू लागले की काठी खाली ठेवून आसरा गाठावा. हल्लीच्या कार्बनच्या काठीतून वीज सहज वाहते.

आता चोणकाविषयी. हा मासा प्रथम नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी, पुरेसा वाढल्यावर, मादी बनतो. पावसाळ्यात तो अंडी घालण्यासाठी नदीमुखाकडे जातो, आणि पिल्ले खारफुटीच्या व खाजनांच्या उथळ पाण्यात येऊन वाढतात. याचा अर्थ असा की ज्या मोठ्या चोणकाबरोबर छायाचित्र काढून घेण्याची हौस सर्वांस असते, ती बहुधा लक्षावधी अंडी पोटी वागविणारी मादी असते.

दोन वर्षांपूर्वी वैशाख उतरणीस लागला असता आमच्या गणिताच्या शिक्षकांच्या गळास सात किलोंचा एक चोणक लागला. त्याच रात्री त्यांच्या मुलीच्या सासरची मंडळी जेवावयास यावयाची होती, आणि बाजारात चोणकाचा भाव काय असतो हे गोव्यात कोणासही सांगावे लागत नाही. मानशीची राखण करणारे वृद्ध गृहस्थ जवळ आले, मासा पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, ही आवय. पाऊस तोंडावर आला आहे."

"बाबा, घरी पाहुणे यायचे आहेत हो."

"पाहुण्यांना शेवटे चालतील. माझ्या पाटलीतले घेऊन जा."

आमचे मित्र क्षणभर घुटमळले. आम्ही कोणी काही बोललो नाही. मासा त्यांचा होता. मग ते गुडघाभर पाण्यात उतरले, मासा दोन्ही हातांनी प्रवाहाच्या दिशेने तोंड करून धरला, आणि त्याचे कल्ले नीट हालू लागल्यावर हात सैल केले. शेपटीचा एक फटकारा त्यांच्या तोंडावर पाणी उडवून गेला. त्या रात्री व्याह्यांनी शेवट्यांच्या आमटीची वाखाणणी केली, असे आम्हांस दुसऱ्या दिवशी शाळेत सांगण्यात आले. तेव्हापासून आमच्या मंडळींचा दंडक ठरला : वीतभराहून लहान आणि अडीच फुटांहून मोठा चोणक पाण्यात परत जाईल. पकडून सोडणे हाही छळच, असे म्हणणारे आमच्यात आहेत, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. म्हणून आम्ही मासा कोरड्या दगडावर टाकीत नाही व त्याला फार वेळ झुंजवीत नाही.

परंतु आपण एखादा मासा सोडला म्हणून नदी राखली जात नाही. कित्येक ठिकाणी शेती परवडत नाही म्हणून भात पेरले जात नाही, मासळीच्या उत्पन्नासाठी मानशी अवेळी उघड्या ठेवल्या जातात, बांध फुटतात आणि खार एकदा आत शिरला की शेताची खारफुटी होते. बांधावर चिखल चढविणारे हात कमी झाले आहेत. आपण काठावर बसून जो आनंद घेतो, तो शतकानुशतके कोणीतरी बांध राखला म्हणून. वाचकांपैकी कोणी यंदा देवदर्शनास आलाच, तर एक सकाळ दिवाडीसाठी ठेवा. तिथी पाहून निघा, पाणी व टोपी बरोबर घ्या, मुलांना मानशीची झडप मिटताना दाखवा. बांधावरून चालताना कडेची माती ढासळू देऊ नका. तुटलेला तंगूस तेथे टाकू नका, त्यात पाणकावळ्यांचे पाय अडकतात. गुंडाळून खिशात घालून न्या.