पाच व्होल्टांची रोषणाई

पुण्यात आमच्या पेठेतल्या गणेश मंडळाच्या रोषणाईची वीज मी बघते. कमानीवर कुठला रंग कधी धावायचा, आरतीच्या वेळी मोर कसा फुलायचा, हे मुलं लॅपटॉपवर ठरवतात आणि फार सुंदर ठरवतात. मी मीटर घेऊन पेटीपाशी. नवीन आलेला एखादा मुलगा दर वर्षी म्हणतोच, ‘ताई, पाच व्होल्ट तर आहेत, त्याने काय होतंय?’ मी हातातलं काम ठेवून त्याला हिशोब घालायला बसवते.

पिक्सेलच्या माळेत प्रत्येक दिव्यामागे डब्ल्यूएस२८११ सारखी एक चिप असते. ती डेटाच्या वायरीवरून आपल्यापुरता रंग उचलते आणि बाकीचा निरोप पुढच्या दिव्याकडे सरकवते. एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलिअँपियर घेतो. ५० दिव्यांच्या माळेला ३ अँपियर. कमानीवर अशा २० माळा असल्या, की ६० अँपियर. वॅट मोजले तर जेमतेम ३००, घरच्या इस्त्रीलाही याहून जास्त लागतात. पण इस्त्री २३० व्होल्टांवर चालते, तिला चार-पाच अँपियर पुरतात. इथे तांब्यातून ६० अँपियर न्यायचे आहेत, आणि वायर व्होल्ट बघून तापत नाही, अँपियरने तापते.

दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे सुमारे १२ मिलिओहम. २३० व्होल्टांचे पाच व्होल्ट करणाऱ्या एसएमपीएसपासून कमान पाच मीटरवर असली, तर जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे ०.१२ ओहम. त्यातून १० अँपियर नेले की १.२ व्होल्ट वाटेतच संपतात आणि वर ३.८ पोहोचतात. निळ्या आणि हिरव्या एलईडीला तीन व्होल्टांच्या आसपास लागतात, लालला दोनच पुरतात. म्हणून माळेच्या शेपटाकडे आधी निळा मंदावतो, पांढरा पिवळट होतो, मग लालसर. बघणाऱ्याला वाटतं माळ खराब निघाली. पासोड्या विठोबाजवळच्या बाजारातून नवी माळ आणून लावली तरी रंग तसाच, कारण दोष वायरीत. आम्ही अडीचची वायर ओढतो, एसएमपीएस शक्य तितके कमानीजवळ बसवतो आणि दर दोन माळांनंतर पुन्हा नवी वीज जोडतो. त्यात एक पथ्य कडक पाळायचं: वेगवेगळ्या एसएमपीएसचे प्लस एकमेकांना जोडायचे नाहीत, मायनस मात्र सगळ्यांचे एकत्र. डेटाचा सिग्नल त्या मायनसच्या आधारानेच मोजला जातो. तो सुटला की दिवे वेड्यासारखे लुकलुकतात आणि मुलं प्रोग्रॅम तपासत बसतात.

आता त्या ‘काय होतंय’चं उत्तर. पाच व्होल्टांचा झटका बसत नाही, हे खरंच. पण ६० अँपियरच्या एसएमपीएसला माळेची बारीक वायर थेट जोडली आणि दूर कुठे शॉर्ट झाला, तर त्या वायरीच्या रोधामुळे करंट वीस-तीस अँपियरवर थांबू शकतो. एसएमपीएसला ते नेहमीचं काम वाटतं, तो बंद होत नाही. वायर तापत राहते, आणि मागे मांडवाचं कापड असतं. म्हणून प्रत्येक माळेला ५ अँपियरचा वेगळा फ्यूज. तो खर्च वाचवायला कुणी सुचवलं की मी ऐकून घेत नाही.

२३० व्होल्टांच्या बाजूला तर भाद्रपदातला पाऊस असतो. मांडवाचे लोखंडी खांब ओले, त्यांना टेकून लहान मुलं उभी. तिथे जमिनीकडे गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी हवाच. अडचण अशी, की प्रत्येक एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून एखाद-दोन मिलिअँपियर अर्थिंगकडे जातातच. आठ-दहा एसएमपीएस एकाच आरसीसीबीवर घेतले की ती गळती पंधराच्या पुढे जाऊ शकते, आणि पंधरा ते तीसच्या मध्ये तो कुठेही पडू शकतो. ऐन गर्दीत अंधार होतो. एका मंडपात मी आरसीसीबी बायपास केलेला पाहिलाय आणि तो सरळ करून घेईपर्यंत तिथून हलले नाही. उपाय सोपा आहे: दोन-तीन आरसीसीबी घ्यायचे आणि भार वाटायचा. रोज संध्याकाळी दिवे लावण्याआधी टेस्टचं बटण दाबायचं. पडला नाही तर त्या बाजूचे दिवे लागणार नाहीत, अध्यक्ष आले तरी.

रात्री कंट्रोलरने दिवे काळे केले म्हणजे वीज बंद झाली असं नव्हे. चिपा थोडा करंट घेतच राहतात, आणि ओल्या जोडांवर डीसी राहिला की तांबं हिरवं पडून कुजतं. आम्ही २३० व्होल्टांकडेच कॉन्टॅक्टर बसवलाय, तो सगळे एसएमपीएस तोडतो. सकाळी जोड शाबूत सापडतात. चालू करताना मात्र एकदम नाही, दोन-दोन सेकंदांच्या अंतराने एकेक. आतले रिकामे कपॅसिटर सुरुवातीला मोठा करंट ओढतात आणि एकत्र ओढला तर एमसीबी पडतो.

रंग ठरवायला मुलं डब्ल्यूएलईडी नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. त्यात एकूण करंटची मर्यादा घालता येते. ती आम्ही घालतो, प्रकाशही चाळीस टक्क्यांवर ठेवतो. रात्री तेवढा भरपूर दिसतो आणि रंग जास्त गहिरे वाटतात. तरी वायर आणि एसएमपीएस मी पूर्ण पांढऱ्याचा हिशोब धरूनच निवडते. ती मर्यादा फोनवरून कुणालाही काढता येते.