स्कॅनरची रेकी

जोधपूरला असतानाची गोष्ट. मे महिन्यातला रविवार, सकाळी साडेनऊलाच बाहेर भट्टी पेटलेली. ओसियांच्या पलीकडच्या एका ढाणीतून एक बहनजी पुतण्याला घेऊन माझ्या क्वार्टरवर आल्या. त्यांचे यजमान माझ्या कंपनीत हवालदार होते. निवृत्तीनंतर तीनच वर्षांत गेले. फॅमिली पेन्शन अडकली होती एका शब्दावर. डिस्चार्ज बुकात त्यांच्या नावापुढे 'देवी', आधार कार्डावर 'कंवर'. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवणारे कागद पुतण्याने फोनवर फोटो काढून पाठवले होते, ते 'अस्पष्ट' असा शेरा मारून परत आले. मीच निरोप दिला होता, "माझ्याकडे स्कॅनर आहे, या."

स्कॅनर होताच. आदल्या आठवड्यात घेतलेला ऑल-इन-वन. माझा घरचा लॅपटॉप लिनक्सवर चालतो. (सरकारी काम सरकारी मशीनवरच, हा निव्वळ घरगुती.) पहिल्याच दिवशी प्रिंट झक्कास आली, म्हणून मी खूश. स्कॅन करून पाहायचं मात्र सुचलं नाही. त्या सकाळी बटण दाबलं आणि पडद्यावर उत्तर आलं, स्कॅनर सापडला नाही. केबल बदलली, रीस्टार्ट केलं, टर्मिनल उघडून तासभर झगडलो. एनडीएतून बाहेर पडताना जेएनयूची संगणकशास्त्राची पदवी घेतलेला माणूस, घामाघूम! शेजारचे मेजरसाहेब लॅपटॉपसकट रजेवर, ओळखीचं दुकान रविवारी बंद.

"कागद ठेवून जा, मी उद्या करून घेतो," म्हटलं. त्यांनी डिस्चार्ज बुक छातीशी धरलं. "ये तो उनकी निशानी है, साब. मैं फिर आ जाऊँगी." आणि दुपारच्या बसने परत गेल्या. ज्या बाईने एका शब्दासाठी इतके हेलपाटे घातले, तिला मी आणखी एक घालायला लावला.

रेकीत घालवलेला वेळ वाया जात नाही, हे खडकवासल्यात पहिल्या टर्मपासून कानावर आदळतं. खरेदी करताना मी ती केलीच नव्हती. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक माझी होती. त्या आठवड्यात जे शिकलो ते लिहून ठेवतो. आपल्यातले बरेच निवृत्त मित्र जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून बसलेत, त्यांच्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, लिनक्समध्ये छपाई आणि स्कॅनिंग ही दोन वेगळी खाती आहेत. छपाई 'कप्स' बघतं, स्कॅनिंग 'सेन'. एकाने मशीन ओळखलं म्हणून दुसरं ओळखेलच असं नाही. माझं तेच झालं.

दुसरी, खोक्यावर 'एअरप्रिंट' किंवा 'मोप्रिया' आहे का ते बघा. 2010 मध्ये अ‍ॅपलने एअरप्रिंट आणलं ते फोनवरून ड्रायव्हरशिवाय छापता यावं म्हणून. अशी मशीन ठरलेल्या प्रमाणित भाषेत बोलतात, त्यामुळे लिनक्सचंही काम सोपं झालं. स्कॅनसाठी तशीच भाषा म्हणजे 'ईएससीएल'. वायफाय नको, केबलच हवी असेल, तर मशीन 'आयपीपी ओव्हर यूएसबी' जाणतं का, तेही विचारा.

तिसरी, 'सेन'च्या यादीत अचूक मॉडेल नंबर शोधा. शेवटचं एक अक्षर बदललं की आतलं मशीन वेगळं असू शकतं.

चौथी, 'लिनक्स सपोर्ट' या शब्दांवर जाऊ नका. कधी ड्रायव्हर एखाद्या जुन्या आवृत्तीपुरताच असतो, तर कधी इंटरनेटवरून वेगळं प्लगइन उतरवावं लागतं. नेटवर्क नसलेल्या ठिकाणी पोस्टिंग झालं की मशीन ठोकळा होऊन बसतं.

पाचवी, महिन्यात चारच कागद छापणार असाल तर साधा काळा-पांढरा लेझर घ्या. इंकजेट वापराविना पडून राहिला की शाई नोझलमध्ये सुकते, आणि राजस्थानच्या उन्हाळ्यात तर लवकरच. टोनर ही कोरडी पूडच असते. फक्त लेझर घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर लावू नका, गरम होताना तो वीज फार खेचतो.

शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची, लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह खिशात घालून दुकानात जा. दुकानदाराच्या संगणकावर तो सुरू करा, एक पान छापा, एक पान स्कॅन करा, मगच पैसे द्या. मी गेलो तेव्हा दुकानदार आधी माझ्याकडे संशयाने बघत राहिला, मग स्वतःच खुर्ची ओढून बसला. दुसऱ्या मशीनवर दोन्ही कामं झाली. जुनं मशीन मेजरसाहेबांनी निम्म्या किमतीत घेतलं.

पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन ढाणीवर जाणार होतो, पण बहनजी त्याआधीच पहिल्या बसने आल्या. काचेवर ठेवण्याआधी त्यांनी ओढणीच्या टोकाने काच पुसली. डिस्चार्ज बुकाचं एकेक पान 300 डीपीआयवर स्कॅन केलं. मे महिन्याच्या त्या उजेडात मलाही नीट न दिसणारी फिकट निळी शाई पडद्यावर स्वच्छ वाचता आली. एकूण अकरा पानं, एक पीडीएफ. पुतण्याने ती माझ्यासमोरच पाठवली.

नावाची दुरुस्ती व्हायला पुढे अडीच महिने लागले. पेन्शन सुरू झाल्याचा फोन पुतण्याने केला, मागून त्यांचा आवाज आला, "साब को बोल, मशीन ठीक है ना?"

मशीन ठीक आहे. जय हिंद.