मातोश्रींच्या कषायाचा पेला

सत्यकथन हाच पक्षकाराचा मोठा आधार, असे आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यास बजावीत असतो; घरी मात्र एका बोटभर उंचीच्या पेल्यापायी आम्ही दोन वर्षे खोटे बोलत होतो.

खनिजाच्या व्यवहारानिमित्त जपानला गेलेल्या एका स्नेह्याने २०११ साली तो आम्हांस आणून दिला. मुरगांवहून तिकडे लोहखनिज कित्येक दशके गेले. तिकडची माती आमच्या घरी आली ती एवढीच. पांढुरक्या रंगावर फिकट नारिंगी झाक, कड किंचित वाकडी, आणि झिलईवर केसाएवढ्या भेगांचे जाळे. याला ‘गुइनोमी’ म्हणतात. तांदळाची ‘साके’ प्यावयाचा हा पेला. देवघरापासून दहा हातांवर मद्याचे भांडे! “चहाचा आहे,” असे आम्ही मातोश्रींस सांगून मोकळे झालो.

“एवढ्याशात चहा कोण पितो? माझ्या कषायाला बरा,” म्हणून त्यांनी तो ताब्यात घेतला.

पेला यामागुची प्रांतातील हागी गावचा. हिदेयोशीने १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर स्वाऱ्या केल्या, तेव्हा तिकडचे अनेक कुंभार जपानात आणले गेले. पुढे मोरी तेरुमोतो हा सरदार १६०० च्या लढाईनंतर बराच मुलूख गमावून १६०४ साली हागीस आला, आणि त्याच्या आश्रयाने दोघा कोरियन बंधूंनी तेथे भट्टी घातली. बुडाच्या कडेला एक खाच असते. सरदारासाठी घडविलेली भांडी मुद्दाम सदोष करून सामान्यांस विकता यावीत म्हणून ती पाडीत, असे सांगतात. पण ही ऐकीव साक्ष, आम्ही तीवर निकाल मागणार नाही.

हागीची माती सच्छिद्र. पेय भेगांतून आत झिरपते आणि वर्षानुवर्षांच्या वापराने भांड्याचा रंग पालटत जातो. तिकडचे रसिक त्यास हागीचे ‘सात पालट’ म्हणतात. आमच्या पेल्याने हे पालट धणे, जिरे, मिरी आणि गूळ यांवर केले.

२०१३ च्या चतुर्थीला तो स्नेही आला आणि ओसरीवरूनच ओरडला, “काकी, साकेच्या पेल्यात कषाय?”

तो गेल्यावर मातोश्रींनी विचारले, “खरे का रे?” आम्ही बचावाचे भाषण केले. शिंतो देवस्थानांत साके देवास अर्पण करून मग तीर्थासारखी घेतात. विवाहात वधूवर तीन पेल्यांतून तीन-तीन घोट घेतात. इसेच्या देवस्थानात नैवेद्याची मातीची भांडी एकदाच वापरून फोडतात व मातीस परत देतात.

“त्यांच्या देवाला काय चालते ते त्यांचे ते जाणोत,” मातोश्री म्हणाल्या. “तू मला चहाचा का सांगितलास?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. तीन दिवस पेला न्हाणीच्या कठड्यावर पालथा पडून होता, आणि मातोश्री आमच्याशी कामापुरतेच बोलल्या. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी तो चिंचेने घासला, उन्हात ठेवला आणि पुन्हा त्यातच कषाय घेतले.

२०१९ साली त्या गेल्या. पेला आता आमच्या मेजावर, कज्जांच्या कागदांशेजारी असतो. आतून तो पिकल्या सुपारीच्या रंगाचा झाला आहे. साके त्यात आजवर पडलेली नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याला जिऱ्याचा वास येतो.