नकाराचे मोल

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने गणितावर लिहावे, हा जरा आगाऊपणाच! पण ही गोष्ट गणिताइतकीच माणसांची आहे.

दोनाची दुप्पट करीत जायचे आणि शेवटी एक वजा करायचा. कधीकधी मूळ संख्या हाती लागते : ३, ७, ३१, १२७. फ्रेंच धर्मगुरू मर्सेन याने १६४४ साली अशा संख्यांची यादी दिली. तीत काही चुकीच्याही शिरल्या. पुढची संख्या शोधण्यासाठी अमेरिकेतील जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली हौशी लोकांना एकत्र आणले. प्रत्येकाने आपल्या संगणकाचा रिकामा वेळ द्यायचा आणि वाट्याला आलेली संख्या तपासायची.

मीही त्यात आहे. माझा जुना संगणक रात्रंदिवस घरघरत होता. अखेर उत्तर आले : ‘मूळ नाही.’

डिसेंबर २०१८ नंतरची पुढची संख्या थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली. ४,१०,२४,३२० अंकांची! मधली जवळजवळ सहा वर्षे जगभरच्या संगणकांनी नकारच गोळा केले. शोधणाऱ्याचे नाव जगभर झाले. नकारवाल्यांना कोण विचारतो?

विजेचे बिल पाहून आई म्हणाली, “एवढं करून मिळवलंस काय?”

“एक ‘नाही’,” मी म्हणालो.

पण तो ‘नाही’ पडताळून नोंदला जातो. त्या वाटेने आता दुसऱ्या कुणाला चाचपडत जावे लागणार नाही. गुणवत्ता यादीत ज्यांची नावे कधीच येत नाहीत, अशा आपणा पुष्कळांना एवढा दिलासा पुरे नाही का?